पेरू देशाच्या पाककृती घरी करताना: वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

पेरू देशाच्या पाककृतींचे पुस्तक समोर ठेवून घरी स्वयंपाक करणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे गेल्या काही महिन्यांत आली आहेत. त्यांतल्या सारख्या आशयाच्या शंका एकत्र करून येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न: माझ्याकडे पेरूच्या पाककृतींची दोन पुस्तके आहेत. ‘पापा आ ला वांकाइना’ या पदार्थासाठी, म्हणजे उकडलेल्या बटाट्यांवर ओतायच्या चीज आणि मिरचीच्या पिवळ्या रसासाठी, एका पुस्तकात डब्यातले आटवलेले दूध आणि खारी बिस्किटे सांगितली आहेत, तर दुसऱ्यात ताजे दूध आणि पाव. डब्यातल्या दुधामुळे पहिले पुस्तक अस्सल नसावे असे मला वाटते. हे बरोबर आहे का?

उत्तर: आपला तर्क समजण्यासारखा आहे, पण येथे तो लागू पडत नाही. डब्यातले आटवलेले दूध पेरूच्या घराघरांत रोजच्या वापरातले आहे आणि लिमा शहरातल्या घरी वांकाइना करताना हेच दूध आणि खारी सोडा बिस्किटे घातली जातात. मात्र हे दूध बिनसाखरेचे असते; त्याच्या जागी चुकून गोड घट्ट दूध घातले, तर पदार्थ हातचा जातो. जुने तेवढे अस्सल आणि डब्यातले तेवढे नकली अशी विभागणी पेरूच्या स्वयंपाकाला लावता येत नाही. अँडीज पर्वतातल्या मूळ लोकांचे बटाटे, मका आणि मिरच्या. स्पेनहून आलेले कांदा, लसूण, लिंबू आणि दूधदुभते. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या हातची चव. आणि एकोणिसाव्या शतकात आलेल्या चिनी व जपानी लोकांच्या पद्धती, हे सारे मिसळून तो घडला आहे.

पुस्तक पारखायचे असेल, तर त्यातला लेखक मिरचीचे नाव घेतो का ते पाहावे. ‘एक तिखट मिरची’ एवढेच लिहून पुढे जाणारे पुस्तक बाजूला ठेवलेले बरे. पाककृती कोणत्या प्रदेशातली आहे, लिमाची, अरेकिपाची, उत्तर किनाऱ्यावरची की डोंगराळ भागातली, हे जे पुस्तक सांगते त्यावर अधिक विश्वास ठेवता येतो. आणि प्रत्येक पदार्थाच्या बाबतीत स्वतःला एक प्रश्न विचारावा: हा पदार्थ कशाच्या जिवावर उभा आहे? ती वस्तू सांभाळली, तर बाकीच्या बऱ्याच बाबतींत तडजोड करता येते. वांकाइना पिवळ्या मिरचीच्या आणि ताज्या खाऱ्या चीजच्या जिवावर उभी आहे. रस दाट करण्यासाठी बिस्किट घातले काय किंवा पाव घातला काय, त्याने फारसे बिघडत नाही.

प्रश्न: पुस्तकात जवळपास प्रत्येक पानावर ‘आही आमारियो’ या मिरचीचा उल्लेख आहे. ती ताजी मिळत नाही. त्याऐवजी दुसरी कोणतीही मिरची वापरली तर चालेल का? आणि ‘आही मिरासोल’ व ‘आही पांका’ या नावाने मिळणाऱ्या वाळलेल्या मिरच्या तिच्या जागी घालता येतील का?

उत्तर: पेरूचा स्वयंपाक घरी करू पाहणाऱ्यांसाठी हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आही आमारियोला पिवळी मिरची म्हणत असले, तरी पिकल्यावर तिचा रंग गडद नारिंगी असतो. शास्त्रीय वर्गीकरणात ती ‘कॅप्सिकम बॅकाटम’ या जातीची आहे. तिचा तिखटपणा साधारण ३०,००० ते ५०,००० स्कोव्हिल (तिखटपणा मोजण्याचे एकक) इतका असतो, म्हणजे ती चांगलीच तिखट आहे. पण पेरूचे लोक तिला जपतात ते तिखटपणासाठी नाही, तर तिच्या फळासारख्या वासासाठी आणि दाट गरासाठी. बिया आणि आतल्या शिरा काढून, मिरच्या पाण्यात उकळून, साल सोलून आणि थोड्या तेलाबरोबर वाटून घेतल्या की झेंडूच्या फुलाच्या रंगाचे गुळगुळीत वाटण तयार होते. तिखटपणा कमी हवा असेल, तर उकळताना दोन-तीन वेळा पाणी बदलतात. पुस्तकात ‘आहीची पेस्ट’ असे लिहिलेले असते तेव्हा हे वाटण अपेक्षित असते.

ताजी मिरची मिळाली नाही, तर गोठवलेली घ्यावी, तीही नसेल तर बाटलीतले वाटण घ्यावे. बाटलीवरील घटकांच्या यादीत मिरची पहिली आहे ना, हे पाहून घ्यावे आणि घरी आणल्यावर चमच्याच्या टोकावर घेऊन चाखावे. काही वाटणांत मीठ आणि आम्ल बरेच असते. अशा वेळी पाककृतीतले मीठ व लिंबू आधी निम्मे घालून मग वाढवावे.

यांतले काहीच न मिळाल्यास पिवळी किंवा नारिंगी ढोबळी मिरची भाजून, सोलून, तिच्यात थोडी तिखट मिरची घालून वाटण करण्याचा सल्ला अनेक पुस्तके देतात. त्याने रंग आणि तिखटपणा येतो, वास येत नाही. म्हणून हा उपाय कुठे चालेल ते पदार्थ पाहून ठरवावे. ‘लोमो साल्तादो’ या मोठ्या आचेवर परतलेल्या मांसाच्या पदार्थात मिरचीच्या चार-सहा फोडी असतात, तेथे तो खपून जातो. वांकाइना, काउसा (मळलेल्या बटाट्याचा थंड पदार्थ) आणि आही दे गायिना (दाट, दुधाळ रसातली कोंबडी) या पदार्थांचा मात्र सगळा भर या मिरचीवर असतो, त्यामुळे ती नसेल तर ते पदार्थ त्या दिवशी करू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

आपण विचारलेल्या दोन वाळलेल्या मिरच्यांपैकी मिरासोल ही आही आमारियोच उन्हात वाळवून केलेली असते. वाळल्यावर तिचा ताजा वास जाऊन सुकामेव्याकडे झुकणारी खोल चव येते, म्हणून ती भिजवून केलेले वाटण ताज्याच्या जागी जसेच्या तसे चालत नाही. आही पांका ही वेगळीच मिरची आहे: वाळल्यावर काळपट तांबडी, तिखटाला अगदी सौम्य आणि किंचित धुरकट चवीची. बैलाच्या हृदयाचे तुकडे मुरवून निखाऱ्यावर भाजलेल्या ‘आंतिकुचो’ला रंग आणि चव देते ती हीच पांका, सोबत व्हिनेगर, लसूण आणि जिरे.

प्रश्न: ‘आही दे गायिना’ पुस्तकाबरहुकूम केली. मिरचीचे वाटणही पेरूचेच होते. तरीही रसाला कच्चट वास येत होता आणि दुसऱ्या वाटीला तो खावासा वाटला नाही. काय चुकले असावे?

उत्तर: आपण पत्रासोबत उतरवून पाठवलेल्या कृतीत ‘कांदा पाच मिनिटे परतावा’ असे आहे. दोष बहुधा त्या पाच मिनिटांत आहे. पेरूच्या रसदार पदार्थांचा पाया म्हणजे ‘आदेरेसो’: तेलात बारीक चिरलेला लाल कांदा, वाटलेली लसूण आणि आहीचे वाटण मंद आचेवर परतून केलेला मसाला. पुस्तके तो दोन ओळींत उरकतात, कारण पेरूच्या वाचकाला तो लहानपणापासून पाहून ठाऊक असतो. परदेशी वाचक त्या दोन ओळी अक्षरशः पाळतो आणि मसाला कच्चा राहतो.

आदेरेसो करताना कांदा इतका बारीक चिरावा की शिजल्यावर तो रसात वेगळा दिसू नये. जाड बुडाच्या भांड्यात तेल जरा सढळ हाताने घालून कांदा मंद आचेवर पारदर्शक आणि मऊ होऊ द्यावा. तो तांबूस करायचा नसतो. मग लसूण, आणि तिचा कच्चा वास गेल्यावर आहीचे वाटण. वाटण घातल्यावर सुरुवातीला भांड्यात सगळे ओले आणि फिके दिसते व बारीक शिंतोडे उडतात. हळूहळू पाणी आटते, आवाज खाली बसतो, रंग गडद होतो आणि मसाला ढवळताना भांड्याच्या कडेने नारिंगी तेल सुटू लागते. ते तेल दिसेपर्यंत पुढची कोणतीही वस्तू घालू नये. याला एकंदर पंधरा-वीस मिनिटे सहज लागतात, आणि कांद्यात पाणी जास्त असेल तर त्याहून अधिक.

यानंतर दुधात किंवा कोंबडीच्या पाण्यात भिजवून वाटलेला पाव घालून, बुडाला लागू न देता ढवळत शिजवावा. कच्चट चवीचे दुसरे कारण न शिजलेला पाव हेही असू शकते. मग उकडून हाताने तंतू सुटे केलेले मांस, त्याचेच थोडे पाणी, वाटलेले पेकन किंवा अक्रोड, किसलेले पार्मेझान चीज आणि अगदी शेवटी मंद आचेवर आटवलेले दूध. पळी भांड्याच्या तळावरून ओढल्यावर तळ क्षणभर दिसावा आणि रस पुन्हा सावकाश मिटावा, इतपत तो दाट असावा. निवताना तो आणखी घट्ट होतो, हे ध्यानात ठेवून थोडा सैलच उतरवावा. सोबत पांढरा भात, उकडलेला बटाटा, उकडलेल्या अंड्याची फोड आणि काळे ऑलिव्ह हवेत. ऑलिव्हचा खारटपणा त्या मऊ, दुधाळ रसाला तोलून धरतो, म्हणून त्याला नुसती सजावट समजून वगळू नये.

प्रश्न: ‘सेविचे’साठी एक पुस्तक मासा लिंबाच्या रसात दोन-तीन तास ठेवायला सांगते, तर दुसरे दहा मिनिटांपेक्षा कमी. खरी पद्धत कोणती? आणि कच्चा मासा लिंबाने शिजतो म्हणतात, म्हणजे तो खायला सुरक्षित होतो का?

उत्तर: दोन्ही पद्धती पेरूच्याच आहेत, पण वेगवेगळ्या काळातल्या. पूर्वी मासा कित्येक तास मुरवत असत. १८९९ मध्ये जपानी मजुरांना घेऊन पहिले जहाज पेरूच्या किनाऱ्याला लागले आणि पुढे त्या समाजातून आलेल्या स्वयंपाक्यांच्या प्रभावाने मासा जवळजवळ ताजाच, लिंबू लावताक्षणी वाढण्याची रीत रुळली. आज लिमामध्ये हीच रीत सर्वमान्य आहे, आणि मी आपल्याला हीच सुचवीन, कारण तासन्‌तास मुरलेला मासा आतपर्यंत पांढरा, कोरडा आणि रबरासारखा होतो.

घट्ट, पांढऱ्या मांसाच्या समुद्री माशाचे सुमारे दोन सेंटिमीटरचे तुकडे करावेत. आधी मीठ लावून हलकेच कालवावे, मग वाटलेली लसूण, बारीक चिरलेली आही लिमो ही मिरची आणि कोथिंबीर, आणि शेवटी लिंबू. पेरूत यासाठी ‘लिमोन सुतिल’ हे लहान, पातळ सालीचे, फार आंबट लिंबू वापरतात. ते निम्म्यापर्यंतच, हलक्या हाताने पिळावे. शेवटच्या थेंबासाठी जोर लावला की सालीखालचा कडवटपणा रसात उतरतो आणि मग तो कशानेही लपत नाही. भांडे थंडगार असावे, त्यात बर्फाचे एक-दोन खडे टाकून ढवळून लगेच काढून घेतात. लाल कांदा उभा, अगदी पातळ चिरून थंड पाण्यात धुऊन निथळावा आणि वरून घालावा. ताटात उकडलेले रताळे, ‘चोक्लो’ नावाच्या टपोऱ्या दाण्यांच्या मक्याचे उकडलेले दाणे आणि ‘कांचा’ म्हणजे भाजलेला कुरकुरीत मका असतो. रताळ्याची गोडी आंबटपणाला आवर घालते. खाली उरलेला पांढरट, आंबट-तिखट रस, ‘लेचे दे तिग्रे’, हा पेरूच्या लोकांना माशाइतकाच प्रिय आहे.

आता सुरक्षिततेविषयी, आणि येथे मी कोणतीही सवलत देणार नाही. लिंबातल्या आम्लाने माशातली प्रथिने घट्ट होतात, म्हणून तो शिजल्यासारखा दिसतो. पण उष्णतेने जे जंतू आणि परोपजीवी कृमी मरतात, ते आम्लाने खात्रीने मरत नाहीत. १९९१ मध्ये पेरूच्या किनाऱ्यावर पटकीची मोठी साथ आली, तेव्हा कच्च्या माशांविषयी त्या देशातच मोठी धास्ती पसरली होती. कच्चा खाण्याजोगा म्हणून विश्वासू विक्रेत्याने दिलेलाच मासा घ्यावा. कृमींचा धोका टाळण्यासाठी मासा उणे २० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात किमान ७ दिवस गोठवतात. घरातल्या सर्वच शीतकपाटांचे तापमान इतके खाली जात नाही, ते मोजून पाहावे. गोठवण्याने जंतूंचा नायनाट होत नाही, त्यामुळे ताजेपणा आणि स्वच्छता यांना पर्याय नाही. गर्भवती स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी मासा कच्चा खाऊ नये. असे मासे मिळत नसतील, तर उकळत्या पाण्यातून पूर्ण शिजवून काढलेल्या कोळंबीचे सेविचे करावे. त्याची चवही फार सुरेख लागते.

२०२३ मध्ये युनेस्कोने पेरूच्या सेविचेच्या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. पेरूत सेविचे दुपारच्या जेवणात खातात आणि त्याची खानावळ संध्याकाळी सहसा बंद असते. सकाळी आलेला मासा दुपारीच संपवायचा, ही त्यामागची जुनी आणि शहाणी सवय आहे.

प्रश्न: माझ्या ‘लोमो साल्तादो’त नेहमी पाणी सुटते आणि मांस चिवट होते. सोया सॉस पेरूच्या पदार्थात कसा, ही शंकाही मनात आहे.

उत्तर: सोया सॉस तेथे मानाने बसला आहे. १८४९ पासून चिनी मजूर मोठ्या संख्येने पेरूत येऊ लागले. त्यांच्या खानावळींना तेथे ‘चिफा’ म्हणतात, सोया सॉसला ‘सियाओ’ आणि आल्याला ‘कियोन’. मांसाच्या पट्ट्या, लाल कांद्याच्या जाड फोडी, टोमॅटो आणि पिवळी मिरची मोठ्या आचेवर झटपट परतून, सियाओ आणि व्हिनेगर घालून केलेला हा पदार्थ त्याच संगमातून आला.

पाणी सुटते ते कढई पुरेशी तापलेली नसते किंवा एका वेळी फार मांस घातलेले असते म्हणून. मांस फडक्याने टिपून कोरडे करावे, कढईतून धूर निघू लागल्यावर थोडेथोडे टाकून बाहेरून खरपूस झाले की काढून ठेवावे. मग कांदा, तो करकरीत असतानाच मिरची आणि टोमॅटो, कढईच्या कडेवरून व्हिनेगर व सियाओ, आणि मांस परत आत. सगळे मिळून काही मिनिटांचे काम आहे, म्हणून चिरणे आधी पूर्ण झालेले असावे. तळलेल्या बटाट्याच्या काड्या अगदी शेवटी मिसळाव्यात. सोबत भात असतोच. एकाच ताटात बटाटा आणि भात दोन्ही असणे ही पुस्तकातली चूक नाही.

प्रश्न: ‘काउसा’साठी बटाट्याचा लगदा मिक्सरमध्ये केला तर तो चिकट झाला. तसेच ‘कारापुल्क्रा’ या वाळवलेल्या बटाट्याच्या रस्सेदार पदार्थासाठी ‘पापा सेका’ऐवजी ‘चुन्यो’ चालेल का?

उत्तर: मिक्सरच्या पात्याने बटाट्यातली पिष्टमय पेशी फुटते आणि लगदा डिंकासारखा होतो. काउसासाठी पेरूत ‘पापा आमारिया’ हा पिवळ्या गराचा, कोरडा, भुसभुशीत बटाटा घेतात. तो नसेल तर पिठूळ जातीचा कोणताही बटाटा सालीसकट उकडून, गरम असतानाच सोलून चाळणीतून दाबून काढावा. पाणथळ बटाटा टाळावा. त्यात आहीचे वाटण, लिंबू, मीठ आणि तेल घालून हाताने मळावे. गोळा हाताला न चिकटता एकसंध झाला की झाले. मध्ये ॲव्होकाडो आणि ट्यूना किंवा कोंबडीचे सारण भरून, थंड करून वाढतात.

पापा सेका आणि चुन्यो हे दोन्ही साठवणीचे बटाटे असले, तरी एकमेकांच्या जागी चालत नाहीत. पापा सेका उकडून, तुकडे करून वाळवलेला असतो. तो कोरडा भाजून मग भिजवला की कारापुल्क्राला त्याची खमंग चव येते. चुन्यो डोंगराळ पठारावर थंडीच्या रात्री उघड्यावर गोठवून, पायांनी तुडवून पाणी काढून, उन्हात वाळवतात. त्याची चव मातकट आणि पोत स्पंजासारखा असतो.

प्रश्न: ‘वाकाताय’ या पाल्याऐवजी पुदिना आणि कोथिंबीर घ्यावी असे पुस्तकात आहे. ते योग्य आहे का?

उत्तर: वाकाताय ही झेंडूच्या कुळातली वनस्पती आहे आणि तिचा उग्र, हिरवा वास पुदिन्यात नाही. भाजलेल्या कोंबडीसोबतच्या हिरव्या चटणीत हा पर्याय चालवून घेता येईल. अरेकिपाची ‘ओकोपा’, म्हणजे बटाट्यांवर ओतायचा तिथला रस, मात्र वाकातायशिवाय करू नये. बाटलीतले वाटण मिळते, ते आणावे.

प्रश्न: आम्ही शाकाहारी आहोत. मांसाच्या जागी काहीतरी घालून केलेले पदार्थ नकोत. पेरूत मुळातच शाकाहारी असे काही आहे का?

उत्तर: पुष्कळ आहे, आणि पुस्तके त्याला पुरेशी पाने देत नाहीत याचे मला वाईट वाटते. अंडे आणि चीज चालत असेल, तर वांकाइना आहेच. अरेकिपाचे ‘सोल्तेरितो’ म्हणजे बाकला शेंगांचे दाणे, मक्याचे दाणे, ताजे चीज, कांदा, टोमॅटो, ऑलिव्ह आणि रोकोतो यांची कोशिंबीर. रोकोतो ही जाड गराची, काळ्या बियांची मिरची दिसायला गोंडस असली तरी फार तिखट असते. बिया आणि शिरा हातमोजे घालून काढाव्यात. भोपळा, बटाटा आणि मका आदेरेसोमध्ये शिजवून वर चीज घातलेला ‘लोक्रो दे सापायो’ हा पोटभरीचा पदार्थ आहे. किन्वा शिजवण्यापूर्वी पाण्यात चोळून, फेस येणे थांबेपर्यंत धुवावा. दाण्यांवरचा सॅपोनिनचा कडू थर तसाच राहिला तर सगळा पदार्थ कडवट लागतो.

आंकाश प्रदेशातले ‘सेविचे दे चोचो’ मी आपल्याला विशेष आग्रहाने सुचवीन. चोचो किंवा तार्वी हे अँडीजमधले पांढरे, प्रथिनांनी भरलेले कडधान्य आहे. शिजवलेल्या दाण्यांत लिंबू, कांदा, टोमॅटो, कोथिंबीर आणि मिरची कालवून ते करतात, आणि बाजारात पायी हिंडता हिंडता खातात. मात्र कच्च्या तार्वीत विषारी, कडू अल्कलॉइडे असतात. पेरूत दाणे उकळून नंतर कित्येक दिवस वाहत्या किंवा वारंवार बदललेल्या पाण्यात ठेवून ती काढतात. घरी हा खटाटोप करण्यापेक्षा कडूपणा काढलेले, खाण्यास तयार दाणे घ्यावेत, आणि तोंडात टाकल्यावर जरा जरी कडू लागले तरी ते वापरू नयेत.